हरलेल्या मताचा वैशाख

परवा आमच्या उपकेंद्राच्या पोर्चमध्ये पुन्हा टेबल मांडलं गेलं. वरचं हिरवं कापड तेच. मागचा 'प्रवेश सुरू' हा फलकही तोच. त्यावरचं साल तेवढं दर उन्हाळ्यात नवा कागद चिकटवून बदलतात, त्यामुळे त्या जागी हाताला लागेल असा उंचवटा झालाय. कंपाउंडच्या भिंतीवर ऊन पांढरं होऊन पडलेलं. फाटकाजवळच्या तामणाला जांभळी फुलं आलीत. आणि टेबलामागे आम्ही शिक्षक, आळीपाळीनं, घाम पुसत, रस्त्याकडे बघत.

लग्नाची पंगत मांडून व्हावी आणि पाहुण्यांनी शेजारच्याच कार्यालयात शिरावं, तसं आमचं होतं. शेजारचं कार्यालय म्हणजे खाजगी विद्यापीठं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत पुलाच्या खांबाखांबावर त्यांच्या जाहिराती आहेत. त्यातली मुलं कायम हवेत उडी मारलेली असतात. आमच्या मुलांचे पाय जमिनीवर असतात, कारण ती आसनगाव-बदलापूरहून येतात आणि वर्ग सुटला की कुठेतरी कामावर जातात. या मुलांसाठी सरकारनं विद्यापीठ काढलं, विद्यापीठानं कल्याणजवळ हे उपकेंद्र काढलं, आणि मग दोघंही हळूहळू विसरले. मी हे रागानं लिहितेय. राग आमच्या घरचाच आहे, त्याचं पुढे सांगते.

पण हे टेबल दिसलं की रागाच्याही आधी मला एक माणूस आठवतो. भूगोलाचे देवस्थळी सर. आणि काही वर्षांपूर्वीचा तो वैशाख, ज्यात मी त्यांना दोनदा हरताना पाहिलं.

आमचं घर कोपरीत. दोन खोल्या, आणि त्यातल्या बाहेरच्या खोलीत रविवारी पत्रकांचे गठ्ठे. बाबा कारखान्यात होते, युनियनचं काम करायचे. जेवणं झाली की आई चटई पसरायची आणि आम्ही सगळे घड्या घालायला बसायचो. ताज्या शाईचा वास बोटांना चिकटायचा आणि रात्रीच्या भाताला लागायचा. मी शाळेत 'कमळ' गिरवण्याआधी घरात 'कामगार' वाचायला शिकले. बाबांचं म्हणणं, पत्रकाची पहिली ओळ अशी हवी की कागद चुरगळायला उचललेला हात तिथेच थांबला पाहिजे. उद्गारचिन्हं त्यांना फार आवडायची. आमच्याकडे मत म्हणजे मूठ. ती उघडायची नसते.

अशी मूठ घेऊन मी उपकेंद्रात शिकवायला लागले. मराठी, तासिकेवर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढीच नोकरी. आणि पहिल्याच महिन्यात मला शिक्षक सभेचं बोलावणं आलं. मला वाटलं चुकून आलंय. तासिकेवरच्या माणसाला सभेत कोण बोलावतं? पण कधीतरी, माझ्या आधी, या सभेनं आपणहून ठरवलेलं होतं की जो इथे शिकवतो त्याला इथे मत आहे. विद्यापीठाच्या नियमात तसं काही नव्हतं. नियमात मनाईही नव्हती. सभा तेवढ्या फटीतून आत शिरली होती.

सभा ग्रंथालयाच्या वाचनकक्षात भरायची. लांब टेबलं जोडलेली, पंख्याचा आवाज, जुन्या पुस्तकांचा कोंदट गोडसर वास. अध्यक्षपद आळीपाळीनं. बोलायचं ते वयानं सर्वांत लहान असेल त्यानं आधी, म्हणजे मोठ्यांचं ऐकून धाकट्यांची जीभ अडखळू नये. आणि ठराव झाल्याशिवाय चहा नाही. हा शेवटचा नियम कुठेच लिहिलेला नव्हता, पण कँटीनच्या शोभाताई किटली घेऊन दाराबाहेर उभ्या राहायच्या आणि आतून हाक आल्याशिवाय उंबरा ओलांडायच्या नाहीत.

पहिल्या सभेत मला या सगळ्याची चीड आली. प्रश्न होता ग्रंथालय शनिवारी उघडं ठेवायचं का, आणि लोक 'शक्यतो' हा शब्द ठेवायचा की काढायचा यावर भांडत होते. इतिहासाचे शेलार सर मूळचे साताऱ्याकडचे, आवाज मैदानातला. ते ओरडले, "शक्यतो म्हणजे कधीच न्हाई! मला मराठी येतं!" माझ्या मनात आलं, ही शिकलेली माणसं, बाहेर सगळं विकलं जातंय आणि ही शब्द सोलत बसलीत. तो शब्द काढला गेला, आणि त्या शनिवारी ग्रंथालय खरंच उघडलं, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

त्या वैशाखात अध्यक्षपदाची पाळी अर्थशास्त्राच्या म्हात्रे मॅडमची होती. मॅडम बाळकुमच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. बोलण्यात आगरी हेल, हातात कायम रुमाल. त्यांनी विद्यापीठाकडून आलेलं परिपत्रक सभेत वाचलं. निधी कमी आहे, विद्यार्थी घटताहेत, म्हणून उपकेंद्रानं कोणत्या तरी एका विभागाचे प्रवेश थांबवण्याची शिफारस करावी. न केल्यास कपात सगळ्या विभागांना सारखी लागेल. वाचून झाल्यावर मॅडमनी कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे मान कुनाची ती आपनच दाखवायची. सुरी त्यांची."

कोणी कोणाकडे बघितलं नाही. न बघण्याची दिशा मात्र एकच होती. भूगोलात सर्वांत कमी मुलं होती.

देवस्थळी सर खिडकीजवळ बसलेले. कोपरं विरलेला पांढरा शर्ट, खिशात काळं भिंग. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला.

शिफारशीचं उत्तर द्यायला प्रवेश संपेपर्यंत मुदत होती. तोवर भूगोलाची मुलं वाढवायची, असं ठरलं. सर्वांत धाकटी मी, त्यामुळे आधी मी बोलले, आणि साहजिकच मी पत्रक म्हटलं. मसुदा तर माझ्या पिशवीतच होता. पहिली ओळ होती : 'सरकारी शिक्षणाचा गळा घोटला जात आहे! भूगोल विभाग बंद पडण्याच्या मार्गावर! तो वाचवायला पुढे या!'

सभेनं ते पत्रक तीन बैठका घासलं. 'घोटला' की 'आवळला' यावर एक अख्खी दुपार गेली. शेलार सरांनी त्यात इतिहास घातला, कोणी राज्यघटना घातली. शेवटी ते इतकं रेखीव झालं की मोठ्यानं वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

विरोध एकट्या देवस्थळी सरांनी केला. ज्यांचा विभाग वाचवायचा होता त्यांनीच. आपल्या शांत, छापील मराठीत ते म्हणाले, "पत्रक सुंदर आहे. पण माझी एक शंका आहे. नावेतून आपण ओरडलो की आम्ही बुडतो आहोत, तर पोहता येणारे कदाचित धावून येतील. आपल्याला पोहणारे नकोत. आपल्याला नावेत बसणारे हवे आहेत."

"पण सर, मग गप्प बसायचं का?" मी उसळलेच.

"नाही, सावंतबाई. नदीविषयी बोलायचं."

कोणीतरी हसलं. मतं झाली. त्यांचा एक हात विरोधात, बाकी सगळे बाजूनं. मॅडमनी हाक मारली, "शोभाताय, आना च्या!" आणि चहा पिताना देवस्थळी सर माझ्याजवळ आले. मला वाटलं आता टोमणा. ते म्हणाले, "सभेनं ठरवलं म्हणजे ठरलं. खडवलीच्या बाजूचा गठ्ठा मला द्या. तिकडची गावं माझ्या ओळखीची आहेत."

मी बघतच राहिले. आमच्या घरी हरलेला माणूस दार आपटून जायचा. बहुतेक वेळा तो माणूस बाबाच असायचे.

मग सुरू झाला तो उन्हाचा फेरा. एक दिवस मी म्हात्रे मॅडमबरोबर त्यांच्या छोट्या गाडीतून बाळकुमला गेले. त्यांच्या लहानपणी तिथे भाताची शेतं होती, खाडीकडून खारा वारा यायचा. आता टॉवर. एकेका इमारतीखाली मान मागे टाकून आम्ही उभ्या राहायचो. मॅडम एका टॉवरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हितं आमचा खला होता. भात झोडायचा." आणि लगेच त्याच टॉवरच्या वॉचमनला, "भाऊ, ओपर जाने दो ना, कॉलेज का काम है." त्या जागेवर मॅडम पदर खोचून भात झोडताना मला दिसल्या, आणि त्याच मॅडम लिफ्टमध्ये बाराव्या मजल्याचं बटण दाबत होत्या. एका आयुष्यात माणूस किती उंच चढतो, आणि तरी पत्रकं हातातच. मला ते भीतीदायक वाटलं आणि भव्यही.

खडवलीला मी देवस्थळी सरांबरोबर गेले. सरांनी प्रत्येक दारात पत्रक दोन्ही हातांनी दिलं. एकदाही कुठे म्हणाले नाहीत की हे मला पटलेलं नाही. उलट एका घरात एक तरुण म्हणाला, "काका, लय कडक लिवलंय!" तर सर माझ्याकडे हात करून म्हणाले, "आमच्या सभेनं लिहिलं आहे."

दुपारी आम्ही नदीवर गेलो. पाणी खाली गेलेलं, खडक उघडे. सहलीची पोरं खालच्या डोहात आरडाओरडा करत होती. सरांनी मला काठावरच्या दरडीसमोर उभं केलं आणि खिशातलं भिंग दिलं. दरडीत थर होते : वाळू, मग गोटे, मग पुन्हा वाळू, मग काळी माती. "हा गोट्यांचा थर बघा. त्या वर्षी नदी रागावली होती. त्यावरचा मऊ गाळ बघा. मग ती शांत झाली. नदी काहीच पुसून टाकत नाही. रागही ठेवते, त्यावर गाळही घालते, आणि त्यात शेती होते." मी भिंगातून बघत राहिले. वाळूचा एकेक कण काचेसारखा चमकत होता. इतकी वर्षं मी या नदीवर आलेले, वडापाव खाल्लेला, पाय बुडवलेले. ती माझ्यासमोर उभी पुस्तकासारखी उघडी होती हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि हा विभाग बंद होणार होता. मला वाटलं, याच दरडीसमोर प्रत्येक पोराला आणून उभं करावं, पत्रक कशाला हवं?

हे मला सुचलं तेव्हा सर माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी सभेत हेच सांगितलेलं. आता त्यांनी भिंग परत घेतलं, रुमालानं पुसलं, खिशात ठेवलं.

पत्रकाचा परिणाम टेबलावर दिसला. एक बाई आल्या, सोबत मुलगी. मुलीच्या हातात आमचं पत्रक. मी आनंदानं उठले. बाई म्हणाल्या, "मॅडम, हे बंद पडणारे ना? मग मी पोरीला यात कशाला अडकवू? उद्या अर्धवट राहिलं तर तिचं वर्ष तुम्ही देणार का?" मुलगी म्हणाली, "आई, पण मला भूगोलच…" आई म्हणाली, "गप गं." आणि त्या गेल्या. मागोमाग इतरही तसेच. मग कोणी विचारायला लागलं, मराठी पण बंद होणार का? इतिहास? एकानं तर पत्रक दाखवून, आधीच घेतलेला भूगोलाचा प्रवेश रद्द केला. बाबांचा नियम खरा निघाला होता. पहिल्या ओळीवर हात थांबला होता. मग तो फाटकातूनच मागे फिरला होता.

घरी मी बाबांना सगळं सांगितलं. ते कांदा चिरत होते.

"विरोध करून पत्रकं वाटली त्यानं?" त्यांनी विचारलं. "मग कसला तत्त्वाचा माणूस!"

"बाबा, ते म्हणाले सभेनं ठरवलं म्हणजे ठरलं."

"आणि बोंबललं तरी? 'मी सांगितलेलं' म्हणाला नाही?"

"नाही."

सुरी थांबली. बाबांनी चिरलेला कांदा सुरीनं बाजूला सारला. मग म्हणाले, "असा एखादा आमच्यात असता तर युनियन फुटली नसती." आणि पुन्हा चिरायला लागले. डोळे कांद्यानं भरले म्हणायचे तर म्हणा.

पुढची सभा उत्तर पाठवायची होती. वाचनकक्षात उकाडा इतका की पुस्तकांचे पुठ्ठे वाकलेले. पहिली बोलायची पाळी माझी. मी उभी राहिले आणि म्हणाले, "तो मसुदा माझा होता, त्यामुळे…"

"बस खाली," म्हात्रे मॅडम म्हणाल्या. "मसुदा तुझा. पत्रक सभेचं. पुढं बोल काय बोलायचं ते."

 मी बसले. मग शेलार सर उठले. त्यांचा मैदानी आवाज त्या दिवशी खाली आलेला. "माझी सूचना आहे. देवस्थळींनी आपल्याला आधीच सावध केलं होतं, याची इतिवृत्तात ठळक नोंद करावी. उद्या कुणी विचारलं तर कळायला पाहिजे की निदान एक माणूस शहाणा होता."

देवस्थळी सर हसले. "शेलार, मला एकट्याला शहाणा करून तुम्ही सगळे सुटू पाहता काय? मी या सभेत बसतो. सभा चुकली, मी चुकलो. नोंद नको."

इतक्या साध्या आवाजात ते म्हणाले की क्षणभर त्यातलं काही मोठं वाटलंच नाही. मग हळूहळू वाटायला लागलं. मी लहानपणापासून तत्त्व म्हणजे बरोबर असणं असं समजत आलेले, आणि बरोबर असलं की ते ओरडून सांगणं. इथे एक माणूस बरोबर होता, त्याचं न ऐकल्यानं त्याचा विभाग जात होता, आणि तो आपलं बरोबर असणं खिशातल्या भिंगासारखं पुसून आत ठेवत होता. कारण त्याला त्याहून मोठं काही राखायचं होतं. ते काय, हे मला त्याक्षणी शब्दांत सांगता आलं नसतं. ते त्या लांब टेबलाभोवती बसलेलं होतं, एवढं दिसत होतं.

मग त्यांनीच ठराव मांडला. उभे राहून, समोर कागद नसताना.

"भूगोल विभागाचे प्रवेश यंदापासून थांबवावेत अशी शिफारस या सभेनं करावी. माझ्याकडे मुलं नाहीत. एका विभागासाठी सगळ्यांच्या तासिका कापल्या जाणं योग्य नाही. तासिकेवरचे तरुण शिक्षक आहेत, त्यांची घरं त्यावर चालतात." माझ्याकडे न बघता ते हे म्हणाले. "जी मोजकी मुलं आत आहेत त्यांना मी पूर्ण शिकवेन. विनंती आहे की ठराव एकमतानं व्हावा."

ते बसले.

मॅडमनी रुमालानं कपाळ टिपलं. सभेची रीत अशी, की ठराव मांडला की कोणीतरी दुसऱ्यानं त्याला अनुमोदन द्यावं लागतं. तरच तो चर्चेला येतो, तरच त्यावर मत होतं. एरवी हे इतक्या झटपट व्हायचं की कळायचंही नाही, मांडणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत शेलार सर "अनुमोदन!" म्हणून मोकळे व्हायचे.

"अनुमोदन कोन देतंय?" मॅडमनी विचारलं.

पंखा फिरत होता. शेलार सर टेबलावरच्या रेघांकडे बघत होते. संख्याशास्त्राच्या दोघी एकमेकींकडे न बघता ताठ बसलेल्या. त्या ठरावाला अनुमोदन मिळालं असतं तर तिथल्या प्रत्येकाचे तास शाबूत राहणार होते. माझेही. माझे दोन्ही हात मांडीखाली होते आणि त्यांवर मी सगळा भार देऊन बसलेले. आधी कोणी कोणाला विचारलेलं नव्हतं, कोणी कोणाला खुणावलं नव्हतं. शब्दांवर दुपारच्या दुपारी भांडणारी ती माणसं, त्यांच्यातल्या एकालाही त्याक्षणी एकसुद्धा शब्द सापडत नव्हता. बाहेर कावळा ओरडला. दाराबाहेर शोभाताईंच्या किटलीचं झाकण वाजलं.

"अनुमोदन?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

अशी शांतता मी कुठल्याही मोर्चात ऐकलेली नाही. हजार मुठी वर गेल्यावर जे अंगात शिरतं, तेच शिरलं. फक्त इथे सगळे हात खाली होते.

"अनुमोदक न्हाय," म्हात्रे मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित फाटला. "ठराव बारगळला. शिफारस कुनाचीच जानार नाय. कपात सगल्यांना. लिवून घ्या." मग दाराकडे वळून, "शोभाताय, आना च्या."

देवस्थळी सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"या सभेत मी दुसऱ्यांदा हरलो," ते म्हणाले.

"मग? सभेनं ठरवलं म्हंजे ठरलं," शेलार सर म्हणाले. "तुमचाच नियम न्हवं?"

कपात आली. माझ्या निम्म्या तासिका गेल्या त्या गेल्याच. मी डोंबिवलीत शिकवण्या धरल्या. शेलार सर दुपारी भूगोलाच्या मुलांना जुने नकाशे वाचायला शिकवू लागले. देवस्थळी सर यथाकाल निवृत्त झाले. विभाग अजून आहे, एका खोलीत, दरवर्षी गळ्यापर्यंत पाण्यात. परवा टेबल मांडताना कळलं की नवं परिपत्रक आलंय, शब्द साधारण तेच. सभेत आता पहिली बोलणारी मी नाही. माझ्याहून धाकटा एक जण आलाय, फार तापट आहे. मला तो आवडतो.

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलंय. चहा आला. कपबशांचा आवाज सुरू झाला तशी माणसं पुन्हा माणसांसारखी बोलायला लागली. सरांनी बशीत चहा ओतला, प्यायले नाहीत, तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. सभेची आज्ञा. प्रवेश अजून संपलेले नाहीत. पत्रक न्यायचं नाही, नुसतं बोलायचं. आणि ज्याला यायचं असेल त्याला नदीवर न्यायचं. उद्या सकाळी खडवलीला माझ्याबरोबर कोण येतं?"

मी मांडीखालून हात काढला. शेलार सरांचा हात माझ्याआधी वर गेला होता. मग संख्याशास्त्राच्या दोघी. मग टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

म्हात्रे मॅडमनी नजर फिरवली, आणि रुमाल डोळ्यांकडे नेता नेता कपाळाकडे वळवला.

"अरं, माज्या गाडीत यवडी मानसं कशी बसवू?"